विकत घेण्यापूर्वी भूमी पाहा
(वाचावयाचा शास्त्रभाग : लूक १४:१५-२४, लूक ६:४७-४९)



मोठ्या जेवणाच्या दाखल्यात एका मनुष्याने शेत विकत घेतल्याची आणि आता ते पाहावयास जाणे भाग असल्याची सबब सांगितली. प्रभूचे आमंत्रण नाकारले हा त्याचा मुख्य दोष खरा. परंतु त्याच्या व्यवहाराचा क्रमही उलटा होता. दाम आधी मोजले आणि पाहणी मागून ठेवली. ह्या मनुष्याचे भाऊबंद आमच्या भिगवण, इंदापूर व बारामतीच्या मुलखात आजही पुष्कळ आहेत.

काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतील एका बंधूने घरातील दागिने मोडून कालव्याच्या खालच्या अंगास दोन एकर जमीन घेतली. उन्हाळ्याचे दिवस होते. जमीन सपाट, पाणी जवळ आणि भाव हलका. आम्ही सर्वांनी बांधावर उभे राहून उपकारस्तुती केली. परंतु कुदळ मागविण्याचे कोणासही सुचले नाही, आम्हांसही नाही. पहिल्या पावसात पाय रुतू लागले, पाऊस उघडताच माती दगडासारखी झाली आणि उसाची लागण जागच्या जागी करपली. ती चोपण जमीन होती. त्या माउलीची रिकामी मनगटे पाहिली म्हणजे आम्हांस आजही आमची ती घाईची प्रार्थना आठवते. प्रार्थना वाईट नव्हती. तिच्याबरोबर करावयाचे काम आम्ही केले नाही, ही आमची चूक.

हा रोग नवा नव्हे. आमचा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. वर्षाला पाऊस पाचशे मिलिमीटरांच्या आसपास. एवढ्या पावसाने मातीतील क्षार खोल धुऊन जात नाहीत. त्यावर नीरा डाव्या कालव्याचे पाणी आले. ओसाड रान हिरवे झाले, ही देवाची कृपाच. परंतु पाझर आणि बेसुमार भिजवण यांमुळे भूजल वर चढले. त्याबरोबर खालचे क्षारही चढले. उन्हाने पाणी उडून गेले आणि क्षार वर राहिले. डॉ. हॅरल्ड मॅन व ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींचा अभ्यास १९१० सालीच प्रसिद्ध केला होता. प्राचीन काळी फरात नदीकाठच्या बागायतीही अशाच खारावल्या. १९८० साली उजनी धरण पुरे झाले आणि भीमेचे पाणी भिगवणपर्यंत पसरले. आज रोहित पक्षी पाहावयास येणारा पाहुणा तेथे जागा घेऊ इच्छितो. त्यास पाणी दिसते, माती दिसत नाही.

मग काय करावे? मोशेने हेर पाठविले तेव्हा भूमी सुपीक आहे की नापीक, हे पाहून येण्यास त्याने सांगितले (गणना १३:१७-२०). देवाने जी भूमी देऊ केली होती तीही पाहावयाची होती. मग आपण विकत घेतो ती का पाहू नये? सातबाऱ्यावर मालकाचे नाव कळते, मातीचा स्वभाव कळत नाही. यास्तव तीन-चार ठिकाणी कमरेइतका खड्डा घ्यावा. काळी माती किती खोल आहे, मुरूम कोठे लागतो, चुनखडीचे खडे आहेत काय, तळाशी ओल सुटते काय, हे पाहावे. एकदा उन्हाळ्यात जावे आणि पांढरा पापुद्रा शोधावा. एकदा पावसानंतर जावे आणि पाणी किती वेळ साचते ते पाहावे. नांगरटीच्या खोलीपर्यंतची माती अनेक जागांहून घेऊन मिसळावी व अर्धा किलो नमुना तपासणीस द्यावा. बांध, विहीर, झाडाखालची जागा व उकिरडा टाळावा. सामू साडेआठांच्या वर गेला तर चोपणाची शंका धरावी. क्षारता चारांच्या वर असेल तर जमीन खारवट समजावी. बारामतीचे कृषी विज्ञान केंद्र आपल्यापासून दूर नाही. विहिरीच्या पाण्याचीही तपासणी करावी.

जमीन बिघडलेली निघाली तर आधी चर काढून निचरा करावा. मग खारवट जमीन गोड्या पाण्याने धुवावी. चोपण जमिनीस तपासणीप्रमाणे जिप्सम द्यावे व धैंचा गाडावा. निचऱ्यावाचून औषध व्यर्थ आहे. उथळ मुरमाड जमीन मिळाली तर खिन्न होऊ नये; तीत डाळिंब, बोर, सीताफळ ही झाडे थोड्या पाण्यावर येतात.

घराविषयीही हेच. आपले वाडवडील काळीत पेरीत आणि पांढरीवर वस्ती करीत. ह्यात शहाणपण होते. काळी माती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते आणि भिंतींस तडे पाडते. लूककृत शुभवर्तमानातील शहाणा मनुष्य खोल खणून खडकापर्यंत गेला. तुम्हीही निदान कठीण मुरूम लागेपर्यंत पाया न्या.

आता उपदेशकबंधूंनो, स्वतःकडे पाहू या. कोरड्या रानास पाण्याची वाण असते, म्हणून पाण्याने जमीन बिघडते हे ऐकून नवल वाटते. परंतु पाणी येते आणि बाहेर जाण्यास वाट नाही, तेथेच क्षार वर येतात. तद्वत् ज्या मंडळीत दर आठवड्यास वचन येते, पण शेजाऱ्याच्या सेवेत वाहून जात नाही, तिच्यातही हेवा व गर्व यांचा पांढरा पापुद्रा धरतो. त्या बंधूने पुढे दोन वर्षे चर खणले; मंडळीच्या तरुणांनी श्रमदान केले. गेल्या हंगामी त्या तुकड्यात धैंचा गुडघाभर वाढला. दागिने अजून परत आले नाहीत. परंतु आता आमच्यापैकी कोणी जमीन घेऊ लागला, तर आम्ही प्रथम कुदळ घेऊन जातो आणि खड्ड्याच्या काठी उभे राहून प्रार्थना करितो.

प्रभू आपणांस पाहणारे डोळे व खणणारे हात देवो. आमेन.