हडकुळ्या लेकराची चरबी

दसरा उलटला की बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांत ट्रक-ट्रॅक्टरांची वर्दळ वाढते. मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, तोवर खर्चूनही झालेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशा कोयत्यांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघतात. सोबत धान्याची पोती, भांडीकुंडी, शेळ्या आणि लेकरं. अशा जिल्ह्यात मुलांच्या लठ्ठपणाची चर्चा म्हणजे उपाशी माणसाला पाचक चूर्ण देण्यासारखं वाटेल.

तरीही ती करायला हवी, आणि बीडमध्येच करायला हवी. त्याचं कारण पुणे जिल्ह्यातल्या सहा खेड्यांत सापडतं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. जन्मलेल्या बाळांचं सरासरी वजन भरलं 2.7 किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं 3.5 किलो. आपलं बाळ स्नायूंत कमी, पोटाच्या घेरात कमी. पण खांद्याच्या हाडाखालची कातडी मापकाच्या चिमट्यात धरली, तर तिथली चरबी इंग्रज बाळाच्या जवळपास पोहोचणारी! बाहेरून हडकुळं, आतून चरबीदार. गर्भात अन्न कमी पडलं की शरीर मेंदूला सांभाळतं आणि बाकी ठिकाणी काटकसर करतं, असा विचार साउदॅम्प्टनचेच संशोधक डेव्हिड बार्कर मांडत होते. पुण्याच्या बाळांमुळे त्याला भारतीय चेहरा मिळाला.

मोठेपणी याचं काय होतं, ते याज्ञिकांनी स्वतःवरच दाखवलं. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन यूडकिन यांचा फोटो शेजारीशेजारी छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, 22.3. शरीरातली चरबी मात्र यूडकिन यांच्यात 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्यात 21.2 टक्के. वजनकाट्याच्या दृष्टीने दोघेही अगदी ठणठणीत.

त्या सहा खेड्यांतल्या अभ्यासात आणखी दोन गोष्टी दिसल्या. गरोदरपणी ज्या बायकांना अंगमेहनत जास्त, त्यांची बाळं लहान. ज्यांच्या जेवणात पालेभाजी, फळं, दूध वरचेवर, त्यांची बाळं जरा मोठी. आता ऊसतोडीचा फड डोळ्यांसमोर आणावा. पहाटे कोपीतून, म्हणजे फडावरच्या झोपडीतून, निघालेली बाई दिवसभर वाकून ऊस बांधते आणि मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. पोटुशी असली तरी चढते, कारण खाडा पडला की पैसे कापले जातात. शिवाय राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत बीडमधल्या 20 ते 24 वयाच्या 43.7 टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. जिची स्वतःचीच वाढ पुरी झालेली नाही, तिच्या पोटात हे बाळ वाढतं.

जन्मानंतरचा भाग बाजार पुरा करतो. मुकादमाकडून खर्ची मिळाली की लेकराच्या हातात पाच रुपयांचा पुडा येतो: मीठ, तेल आणि मैदा किंवा मक्याचं पीठ. रडणारं लेकरू गप्प होतं, पोट भरल्यासारखं वाटतं. आईला दोष देण्यात अर्थ नाही. फडावर तेवढंच सहज मिळतं. हडकुळं पोर जरा भरलं की आजीही खूश होते. गुटगुटीतपणाचं आपल्याला भारी कौतुक. अशा भरण्याचा हिशेब दिल्लीतल्या एका दीर्घ अभ्यासाने 2004 मध्ये मांडला. विशी-तिशीत ज्यांच्या रक्तातली साखर बिघडली, ते बाळपणी बारीक होते आणि दोन वर्षांनंतर त्यांचा बीएमआय वयाच्या मानाने चढत गेला होता. बाराव्या वर्षी त्यांच्यातला एकही लठ्ठ या व्याख्येत बसत नव्हता.

युनिसेफच्या 2025 च्या अहवालानुसार जगातल्या 5 ते 19 वयाच्या मुलांमध्ये लठ्ठ 9.4 टक्के आणि कमी वजनाची 9.2 टक्के. आपल्याकडे ही दोन्ही संकटं पुष्कळदा एकाच अंगात नांदतात.

शरीर खुणा देतं, पण त्या वाचल्या जात नाहीत. मानेच्या मागे काळसर, मखमली पट्टा दिसला की आई तो मळ समजून खसाखसा घासते. तो जात नाही, कारण पुष्कळदा तो इन्सुलिन रक्तात वाढल्याचा परिणाम असतो. यकृतात चरबी, उच्च रक्तदाब, मुलींत अनियमित पाळी आणि ऐन तरुणपणी टाइप 2 मधुमेह या पुढच्या पायऱ्या. नुसत्या वजनाच्या नोंदीतून हे कळत नाही. शिंप्याची टेप जास्त कामाची. पाच वर्षांपुढच्या मुलाचा कमरेचा घेर उंचीच्या निम्म्यावर गेला, तर तपासणी हवी.

पुण्याच्या त्या अभ्यासात जन्मलेली मुलं वयात आल्यावर, 2012 पासून, त्यांच्यातल्या काहींना आईबाप होण्याआधीच बी-12 जीवनसत्त्व देऊन पाहण्याचा प्रयोग सुरू झाला. म्हणजे उपचार बाळाच्या आधी एक पिढी. बीडमध्ये त्या वयाची मुलगी पुष्कळदा फडावर असते, नाहीतर बोहल्यावर. तिला गाठायची जागा म्हणजे वसतिगृह. पण ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी 2021 मध्ये मंजूर झालेल्या संत भगवानबाबा वसतिगृह योजनेकडे शिक्षणाचा विषय म्हणून पाहिलं जातं. तिथल्या मुलींच्या ताटात आठवड्यातून किती वेळा दूध, अंडं आणि पालेभाजी येते, हे मधुमेहाच्या डॉक्टरांनीही विचारायला हरकत नाही.