दाविदाचें नांव आणि स्तोत्राचा अधिकार

एका खेड्यांतील मंडळींत शास्त्राभ्यासाचा वर्ग चालला असतां आम्हीं ५१ वें स्तोत्र घेतलें होतें. शेवटल्या दोन वचनांपाशीं आल्यावर माझ्या तोंडून सहज निघून गेलें कीं, हीं वचनें दाविदाच्या काळचीं दिसत नाहींत. किंबहुना सबंध स्तोत्र दाविदानेंच रचिलें असेंही खात्रीनें सांगतां येत नाहीं. वर्ग संपला. सर्व मंडळी उठून गेली, पण एक वृद्ध बाई मागें राहिल्या. त्यांस वाचतां येत नाहीं. तथापि हें स्तोत्र त्यांस आरंभापासून अखेरपर्यंत मुखपाठ आहे. त्या म्हणाल्या, "पाळकसाहेब, मग दाविदानें क्षमा मागितलीच नाहीं काय?"

मी चपापलों. धर्मविद्यालयांत शिकून मला वीस वर्षें होऊन गेलीं. जें तेथें शिकलों तें इतके दिवस मंडळीला कां सांगितलें नाहीं, आणि आज सांगितलें तें असें अर्धवट कां? तें पुरतें सांगावें म्हणून हा लेख लिहीत आहें.

स्तोत्रसंहितेंत १५० स्तोत्रें आहेत. इब्री प्रतींत त्यांपैकीं ७३ स्तोत्रांच्या मथळ्यांत दाविदाचें नांव येतें. १२ स्तोत्रें आसाफाच्या नांवावर आहेत, कांहीं कोरहाच्या मुलांच्या, दोन शलमोनाच्या, आणि एक, म्हणजे ९० वें, मोशेच्या. पुष्कळांवर तर कोणाचेंच नांव नाहीं. यास्तव सबंध पुस्तकाला आपण ‘दाविदाचीं स्तोत्रें’ म्हणतों तें सोयीसाठीं होय. पुस्तक स्वतः तसें म्हणत नाहीं.

आतां मथळ्यांतील शब्द पाहूं. मूळ इब्रींत तो ‘लेदाविद’ असा आहे. दाविदाच्या नांवापूर्वीं ‘ल’ हें एकच अक्षर जोडिलें आहे. त्याचा अर्थ ‘चें’ असा होतो, तसा ‘ला’ किंवा ‘साठीं’ असाही होतो. नवल असें कीं, आपल्या मराठी शास्त्रांत कित्येक मथळ्यांत मुख्य गवयासाठीं आणि दाविदाचें असे दोन शब्द शेजारींशेजारीं येतात, आणि मुळांत त्या दोहोंच्याही आरंभीं तोच ‘ल’ आहे! भाषांतरकारांनीं एके ठिकाणीं ‘साठीं’ केलें, दुसरीकडे ‘चें’. मी त्यांस दोष देत नाहीं. त्यांस कोणता तरी एक अर्थ निवडणें भाग होतें. परंतु दाविदानें रचिलेलें, दाविदाच्या वंशांतील राजासाठीं केलेलें, किंवा दाविदाच्या नांवें ठेविलेल्या संग्रहांतलें, हे तीनही अर्थ त्या एका अक्षरांत मावतात.

शिवाय भक्तांच्या प्रेमामुळें हें नांव वाढत गेलें. ख्रिस्ताच्या पूर्वीं यहूद्यांनीं शास्त्राचें ग्रीक भाषांतर केलें, त्यांत मुळांत निनांवी असलेल्या कित्येक स्तोत्रांवर दाविदाचें नांव दिसतें. बाबेलच्या नद्यांकांठीं रडणाऱ्यांच्या १३७ व्या स्तोत्रावरसुद्धां. दावीद होऊन गेला ख्रि. पू. १००० च्या सुमारास, आणि बाबेलच्या सैन्यानें यरुशलेम पाडिलें ख्रि. पू. ५८७ च्या सुमारास. मृत समुद्राजवळ कुम्रान येथील अकराव्या गुहेंत १९५६ सालीं स्तोत्रांची एक जुनी गुंडाळी सांपडली. तींत तर दाविदानें ४,०५० गीतें रचिलीं असें लिहिलें आहे.

५१ व्या स्तोत्राविषयीं अडचण ही. पश्चात्ताप करणारा आधीं म्हणतो कीं देवाला यज्ञबलींची आवड नाहीं, मोडलेलें हृदय हाच बलि होय. मग एकाएकीं शेवटीं यरुशलेमेचा कोट बांधण्याची विनंती येते, आणि बैलांचे बलि देवाला आवडतील असें येतें. दाविदाचें नगर तर पडलेलें नव्हतें. म्हणून पुष्कळ विद्वानांचें मत असें कीं, बाबेलच्या बंदिवासाच्या काळीं कोणीं तरी ही जुनी प्रार्थना आपली करून घेतली आणि आपल्या उद्ध्वस्त नगरासाठीं दोन वचनें पुढें जोडिलीं. सर्वांस हें मान्य नाहीं. मला मात्र तें संभवनीय वाटतें.

"पण प्रभूनें स्वतः दाविदाचें नांव घेतलें ना?" असें एका उपदेशक बंधूनें मला विचारिलें. प्रश्न खरा आहे. इब्री लोकांस पत्राच्या चौथ्या अध्यायांत ९५ वें स्तोत्र दाविदाचें म्हटलें आहे, आणि इब्री प्रतींत त्यावर कोणाचेंही नांव नाहीं; २ ऱ्या स्तोत्राचें प्रेषितांच्या कृत्यांत तसेंच. लोक ज्या नांवानें पुस्तक ओळखीत त्याच नांवानें तें सांगितलें, एवढाच तेथें अर्थ. मार्काच्या १२ व्या अध्यायांतील ११० व्या स्तोत्राचें प्रकरण याहून अवघड आहे, कारण तेथें बोलणारा दावीद आहे यावरच वादाचा भार आहे. मी तेथें दावीदच मानून चालतों. जे तसें मानीत नाहींत त्यांत माझ्याहून भक्तिमान मनुष्यें आहेत. त्यांस अविश्वासी म्हणण्यास माझी जीभ वळत नाहीं.

कित्येक पाळकबंधु म्हणतात कीं, साध्या लोकांस हें सांगूं नये, त्यांचा विश्वास डळमळेल. मला हें पटत नाहीं. जें शास्त्र सांगत नाहीं तें शास्त्राच्या नांवानें सांगणें ही खोटी साक्ष होय, मग ती देवाच्या बाजूनें कां असेना. ईयोबानें आपल्या मित्रांवर हाच ठपका ठेविला. आणि लपवून लपवितां तरी किती दिवस येईल? मुलगा शहरीं शिकावयास जातो, तेथें त्याला हें परक्याकडून कळतें, आणि मग पाळकानें सांगितलेलें बाकीचेंही तो टाकून देतो.

असो. त्या आजीबाईंस मीं शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा १२ वा अध्याय वाचून दाखविला. नाथान संदेष्ट्यासमोर दाविदानें आपलें पाप कबूल केलें आणि त्याला क्षमा मिळाली, हें तेथें स्वतंत्रपणें लिहिलें आहे. तें या मथळ्यावर अवलंबून नाहीं. मग त्या स्तोत्राच्या शेवटाविषयीं मला जें वाटतें तें सांगितलें. त्या बराच वेळ गप्प होत्या. नंतर त्यांनीं विचारिलें, "ज्यानें शेवटचें जोडिलें, त्याच्या गांवचा कोट मग बांधून झाला का?"

मीं नहेम्याचें पुस्तक काढिलें. "झाला, आजी. सहाव्या अध्यायांत आहे. ५२ दिवसांत पुरा झाला."