गेलेल्या दिवसांची वसुली

सतराव्या शतकात लंडनच्या किंवा ब्रिस्टलच्या धक्क्यावरून व्हर्जिनियास निघालेला निर्धन तरुण गलबताच्या भाड्यापोटी आपल्या आयुष्याची ४ ते ७ वर्षे लिहून देई. आणि असा इसम मुदतीपूर्वीच तंबाखूच्या मळ्यातून पसार झाला, तर त्याने मालकाचे नेमके काय नेले, हा प्रश्न तेथील कायदेमंडळापुढे उभा राही. त्याने दिवस नेले, असे उत्तर ठरले. सबब १६४३ च्या कायद्याने गैरहजेरीच्या दुप्पट चाकरी लावून ते वसूल करण्याचा, आणि पुन्हा पळणाऱ्यास तापल्या लोखंडाने डागण्याचा हुकूम झाला. सावकाराने मुद्दल व्याजासह काढून घ्यावे तसा हा न्याय निष्ठुर होता. तरी त्याला निदान शेवट होता.

हा शेवट सर्वांच्या वाट्यास यावयाचा नव्हता, हे १६४० मध्येच एका खटल्यात दिसून आले होते. मेरीलँडकडे पळालेले तिघे चाकर पकडून आणले गेले, तिघांनाही ३० फटक्यांची शिक्षा झाली. परंतु डच आणि स्कॉटिश आरोपींच्या चाकरीत ४ वर्षांची भर पडली, तर जॉन पंच या कृष्णवर्णीय इसमास त्याच अपराधाबद्दल आमरण चाकरी फर्मावण्यात आली. एकदा मनुष्याचे अवघे आयुष्यच जमा करून घेतले, की पुढच्या पलायनाबद्दल त्याच्याकडून वसूल तरी काय करावयाचे? १६६१ च्या कायद्याने यावर काढलेली तोड मला फटक्यांहूनही अधिक बोलकी वाटते : आजन्म गुलामाच्या संगतीने पळालेल्या इंग्रज चाकराने स्वतःच्या दिवसांबरोबर त्या गुलामाचेही दिवस भरून द्यावेत. हिशेब तर जुळलाच. शिवाय गोऱ्याने काळ्याची सोबत धरणे महाग झाले.

अठराव्या शतकात पाठलागाचे काम वृत्तपत्रांकडे आले. देवीचे व्रण, बोलण्यातला आयरिश हेल, चोरून नेलेला कोट, जवळ खोटा परवाना असण्याचा संभव, असे सारे जाहिरातीत इतक्या बारकाईने लिहिलेले असे, की ज्या गरिबाचे चित्र कोणी काढले नसते त्याची आकृती केवळ मालकाच्या संतापामुळे आपल्यापर्यंत पोचली आहे. बेंजामिन फ्रँकलिन १७२३ मध्ये वडील बंधूच्या छापखान्यातील उमेदवारी मोडून बॉस्टनहून पळाला, तेव्हा वाटेत पावसाने भिजलेला त्याचा अवतार पाहून हा कोणाचा तरी फरारी चाकर असावा, असा लोकांना संशय आला. तोच फ्रँकलिन पुढे ‘पेनसिल्व्हेनिया गॅझेट’चा मालक होऊन अशा जाहिराती छापू लागला. १७७५ च्या एप्रिलात, स्वातंत्र्ययुद्धास तोंड फुटले त्याच महिन्यात, जॉर्ज वॉशिंग्टनने माउंट व्हर्ननहून पळालेल्या दोघा गोऱ्या चाकरांसाठी, एका सुतारासाठी आणि एका विटा पाडणाऱ्यासाठी, बक्षीस जाहीर केले. आणि चाकरीस बांधलेला इसम दुसऱ्या राज्यात पळाला तरी मोकळा होत नाही, मागणी होताच त्यास परत दिले पाहिजे, हे कलम १७८७ च्या राज्यघटनेत ‘गुलाम’ हा शब्द न उच्चारता दाखल झाले.

दिवसांचा हा हिशेब अटलांटिकच्या काठीच राहिला नाही. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर करारावर गेलेल्या मराठी मजुरांनाही एका दिवसाच्या गैरहजेरीबद्दल दोन दिवसांच्या मजुरीवर पाणी सोडावे लागे.