'सेमी' म्हणायला लाज कसली?

इलेक्ट्रिक गिटारचा स्वच्छ सूर मुद्दाम फाडून घोगरा करणाऱ्या, पायाने चालू-बंद करायच्या डबीला फझ पेडल म्हणतात. नावाजलेल्या कंपनीचं घ्यायचं तर शिकाऊ गिटारच्या किमतीइतके पैसे जातात. जवळपास तोच आवाज देणारी प्लॅस्टिकची नक्कल मात्र खूपच स्वस्तात मिळते. मग ही नक्कल घेणं म्हणजे चोरीचा माल घेणं आहे का?

नैतिकतेचा हा झगडा ऐकला की मी आधी विचारतो, मूळ कुठलं? १९६१ साली आलेल्या मार्टी रॉबिन्सच्या 'डोन्ट वरी' गाण्याचं रेकॉर्डिंग नॅशव्हिलमध्ये चालू असताना मिक्सरचा एक चॅनल बिघडला आणि बास गिटार फाटक्या आवाजात वाजली. ग्लेन स्नॉडी या इंजिनिअरने तोच बिघाड ट्रान्झिस्टर वापरून पुन्हा घडवला. १९६२ साली तो 'मॅस्ट्रो फझ-टोन' म्हणून विक्रीला आला. लंडनमध्ये गॅरी हर्स्टने त्यात सुधारणा करून १९६५ साली 'टोन बेंडर' काढला. पुढच्याच वर्षी आलेल्या, जिमी हेंड्रिक्समुळे अजरामर झालेल्या 'फझ फेस'चं सर्किट टोन बेंडरच्या एका आवृत्तीशी जवळजवळ तंतोतंत जुळतं. दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर, दोन पॉट. अकरा सुटे भाग, संपलं. आज ज्याला आपण अस्सल म्हणतो, तीही कुणाची तरी नक्कलच आहे.

म्हणून सगळंच माफ? नाही. साठ वर्षं जुनं सर्किट आता लोकगीतासारखं सगळ्यांचं झालंय. पण महिन्याला दहा पेडलं स्वतः सोल्डर करून विकणाऱ्या माणसाने वर्षभर खपून नवं सर्किट शोधलं आणि एखाद्या कारखान्याने ते लगेच उचललं, तर कायद्याला चालो न चालो, त्या माणसाची भाकरी जाते. नक्कल कशाची केली यापेक्षा ती कुणाच्या पोटावर आली, हे आधी बघायला हवं.

दुसरी गोष्ट फसवणुकीची. २००५ साली रोलंडने बेहरिंगरवर दावा लावला, कारण त्यांची स्वस्त पेडलं रोलंडच्या 'बॉस' पेडलांसारखी दिसत होती. बेहरिंगरने रूप बदललं आणि २००६ साली तडजोड झाली. भांडणाचा मोठा भाग दिसण्याचा होता, म्हणजे गिऱ्हाइकाला नेमकं कुणाचं घेतोय हे कळतंय की नाही याचा.

मी कामतघरला राहतो. इथे हा वाद पेडलांच्या कितीतरी आधीचा आहे. यंत्रमाग हातमागाचं कापड स्वस्तात काढतो, म्हणूनच काही वस्तू फक्त हातमागासाठी राखून ठेवणारा कायदा १९८५ साली करावा लागला. पैठणीचंच घ्या. येवल्याची हातमागावरची परवडत नाही म्हणून कुणी 'सेमी' नेसून लग्नाला मिरवली, तर तिने कुणाला फसवलं नाही. 'सेमी' हा शब्दच प्रामाणिक आहे. स्वस्त मालामुळे विणकराच्या भावावर दाब येतो, हे खरंच. ते दुखणं एका शब्दाने बरं होत नाही. पण तोच माल अस्सल म्हणून खपवला, तर त्याची उरलीसुरली किंमतही जाते.

आणि नाव नसण्याचं दुःख भिवंडीला कुणी शिकवायला नको. सूत व्यापाऱ्याचं, माग आणि मजुरी इथली. ग्रे कापड बाहेर जातं, रंगतं आणि दुसऱ्याच्याच नावाने दुकानात लागतं.

माझ्या पोटापाण्याच्या धंद्यात, सॉफ्टवेअरमध्ये, यावर एक साधा तोडगा आहे. एमआयटी लायसन्सचा कोड कुणीही घ्यावा, बदलावा, विकावा. अट एवढीच की मूळ लिहिणाऱ्याचं नाव आणि परवान्याचा मजकूर पुसायचा नाही. नक्कल चालेल, विस्मरण चालणार नाही.

हे सगळं आता माझ्यासाठी नुसतं तात्त्विक राहिलेलं नाही. लॅमिंग्टन रोडवरून भाग आणून मी घरी एक फझ बनवलंय. बँडमधला एक मित्र म्हणतो, "अशी चार बनव, वर भारी नाव टाक, आपला शोध म्हणून विकू." बनवीन. पण झाकणावर लिहीन: 'सर्किट टोन बेंडर आणि फझ फेसवरून, बांधणी कामतघर.' त्याचं म्हणणं, अशाने भाव पडेल. पडेलही. चारऐवजी दोनच विकली जातील कदाचित. पण घेणाऱ्याला आपण काय घेतोय ते माहीत असेल, आणि कामतघरचं नाव निदान एका वस्तूवर तरी राहील.