आधी स्वयंपाकघर पाहा

मुलासाठी खेड्यातली निवासी शाळा बघायला जाणारे आईवडील बहुधा पहिल्यांदा निकाल विचारतात. माझं म्हणणं, आधी स्वयंपाकघर पाहा. पंगतीत लहानग्याला आमटी पुन्हा विचारतात का? तापलेल्या मुलाच्या उशाशी रात्री कोण बसतं? कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात छत्रपती शाहू बोर्डिंग काढलं. तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकाच पंगतीत जेवत. ती उपाशी राहू नयेत म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने, मंगळसूत्रसुद्धा मोडलं. समतेचा धडा तिथे ताटातच मिळत होता.

कोणी म्हणेल, जेवणावरून शिक्षण कसं कळणार? गणित, इंग्रजी बघायलाच हवं. पण भुकेलं, भ्यायलेलं मूल चांगल्या शिक्षकापुढेही शिकत नाही. कोणी म्हणेल, पाहुणे येणार म्हटल्यावर शिरा होणारच. खरं आहे. म्हणून जमलं तर न कळवता जा. मुलांच्या शेजारी बसून जेवा. ती मोकळेपणी बोलतात का, ऐका. माणूसही असाच पारखावा. ज्याच्याकडून काही मिळायचं नाही, त्याच्याशी तो कसा वागतो, यावरून. तेव्हा श्रोतेहो, आधी स्वयंपाकघर पाहा. निकाल मग विचारा.