आधी काटा, मग टायर

चिरंजीव,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहितात, हे मला ठाऊक आहे. आज ते राखून ठेवले आहेत. तीस वर्षं वर्कशॉप शिकवलं. जॉब तपासल्याशिवाय एकाही जर्नलवर सही केली नाही. तुझा जॉब काल तपासला. सही मिळणार नाही.

तू पाठवलेले फोटो चष्मा पुसून पुन्हा पाहिले. लाल बॉनेट, उघडी चाकं, आणि मागचं उजवं चाक कर्बवर आपटून वाकलेलं. खाली तुझी ओळ: ‘सर, राउंडअबाउटवर डिझेल सांडलं होतं बहुतेक.’ बहुतेक! नाचता येईना अंगण वाकडं, हे ऐकून होतो; तू अंगणात डिझेलही ओतलंस. नोव्हेंबरची सकाळ, पारा पाच अंशांवर, रस्ता ओला, घरातून निघून दहा मिनिटं झालेली, आणि चारही चाकांना ट्रॅकचं रबर. गाडी फिरायला एवढं पुरे होतं. डिझेल कशाला लागतंय?

हाडं शाबूत आहेत, म्हणूनच इतकं मोकळेपणाने बोलतो आहे.

तीन वर्षं रात्री जागून ही गाडी बांधलीस. कुठल्या घराण्यातली? कॉलिन चॅपमनच्या १९५७ सालच्या लोटस सेव्हनच्या. त्या काळी लोक ती सुट्या भागांत घ्यायचे, कारण ब्रिटनमधला खरेदीकर तयार गाडीवर बसायचा, सुट्या भागांवर नाही. १९७३पासून केटरहॅम कंपनीने ती गादी चालवली. या घराण्याचा कुळाचार एकच, वजन काढा. तूही काढलंस. गालिचा नको, रेडिओ नको, दारं नकोत. लहान बॅटरी बसवून दोन किलो वाचवलेस तेव्हा आमच्या मध्यरात्री फोन करून मला उठवलं होतंस. मग टायर घ्यायच्या दिवशी हा किलोकिलोचा हिशेब कुठे गेला? कुणाला विचारलंस? मित्राला. मित्राची गाडी केवढी? बाराशे किलोची. त्याच्या गाडीला ट्रॅकवर झकास चिकटले, म्हणून तेच तू घेतलेस. पैलवानाचे जोडे पोराच्या पायात घातलेस आणि पोरगं धडपडलं तर जमिनीला नावं ठेवतोस.

वही काढ.

तुझी गाडी पेट्रोलसकट ५४० किलो. तू ८०. बेरीज ६२०. चार चाकांत वाटली तर ढोबळ मानाने एकेका चाकावर १५५ किलो. आता टायरच्या अंगावर काय लिहिलंय ते वाच: २०५/५० आर १५, आणि पुढे ८६. हा ८६ कसला, हे इंजिनिअर झालेल्या माणसाला मी सांगायचं? तो भाराचा आकडा. ८६ म्हणजे एक टायर ५३० किलो पेलतो. तू त्याच्यावर १५५ ठेवलेस, तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी.

रबर तापतं कशाने? दाबलं जाऊन, मुरडलं जाऊन, रस्त्यावर थोडं घासलं जाऊन. अंगावर ओझंच नसेल तर ते मुरडणार कशाला? ट्रॅकचं रबर साधारण सत्तर-ऐंशी अंशांच्या पुढे कामाला लागतं. थंड असताना ते ताठ होतं, डांबराच्या बारीक खडबडीत शिरत नाही, वरच्यावर सरकतं. साधे उन्हाळी टायरसुद्धा सात अंशांखाली कडक व्हायला लागतात, असं थंडीचे टायर विकणारे सांगत असतात. तुझे तर त्याहून नाजूक. चहा आल्याशिवाय फायलीला हात न लावणाऱ्या कारकुनासारखे ते बसून राहिले, आणि तू त्यांच्या भरवशावर स्टिअरिंग वळवलंस.

यात आणखी एक गोष्ट तुला शिकवलेली आहे, ती तू विसरलास. चाकावरचं ओझं वाढतं तसा रबराचा घर्षणांक उतरत जातो. म्हणजे हलक्या गाडीला दर किलोमागे पकड जास्तच मिळते. तुझ्या गाडीला ही देणगी जन्मजात होती. रुंदी विकत घ्यायची तुला गरजच नव्हती.

आता पाण्याकडे ये. तू म्हणशील, रुंद टायर म्हणजे जमिनीला जास्त टेकणार. चूक. किती टेकायचं ते मुख्यतः आतली हवा ठरवते. १५५ किलो आणि १८ पौंड हवा, की ठसा येतो सुमारे १२० चौरस सेंटिमीटरचा. आपल्या टपाल खात्याचं पोस्टकार्ड साधारण तेवढंच. हवा ३२ पौंड केलीस की ठसा ७०वर येतो. टायर रुंद घेतलास म्हणून पोस्टकार्ड मोठं होत नाही, फक्त आडवं होतं. उभी फळी पाणी कापत जाते. आडवी फळी पाण्यावर बसते.

१९६०च्या दशकात नासाच्या संशोधकांनी विमानांच्या टायरवर प्रयोग करून एक ढोबळ सूत्र काढलं. हवेच्या पौंडांचं वर्गमूळ घ्यायचं आणि १०.३५ने गुणायचं. साचलेल्या पाण्यात नक्षी कामी येत नसेल, तर ताशी तितक्या मैलांना टायर जमीन सोडून पाण्यावर तरंगायला लागतो. ३२ पौंडांना उत्तर येतं ५९ मैल. १८ पौंडांना फक्त ४४. विमानाचं सूत्र गाडीला तंतोतंत बसत नाही, पण दिशा बघ. तुझ्या असल्या हलक्या गाडीला हवा कमीच ठेवावी लागते. बत्तीस पौंड भरलेस तर ती रस्त्यावर चेंडूसारखी उडते. हवा कमी म्हणून तरंगणं लवकर. तरंगणं लवकर म्हणून पाणी बाहेर फेकणारी नक्षी जास्त हवी. आणि तू आणलेस काय? चार रेघा ओढलेला, जवळजवळ गोटा टायर!

कायद्याचं सांगू नकोस. मधल्या तीन चतुर्थांश रुंदीवर सगळीकडे १.६ मिलिमीटर नक्षी असली की तुमचा कायदा गप्प बसतो. त्याखाली गेलं तर एकेका टायरमागे अडीच हजार पौंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर तीन गुण. तुझी नक्षी कायद्यात बसते, हे मी फोटोतही पाहिलं. गाडी नोंदणीआधीच्या सरकारी तपासणीत पास झाली, हेही तू तीनदा लिहिलंस. पास होणं आणि पावसात उभं राहणं हे दोन वेगळे पेपर आहेत.

आणि पौंडांचाच विषय निघाला म्हणून विचारतो. खिशातले पौंड तू मोजून दिलेस. टायरमधले कधी मोजलेस?

आठवतं, लेकीकडे डर्बीला आलो होतो तेव्हा जुलैत तू मला डॉनिंग्टन पार्कच्या ट्रॅकला नेलंस? पिटमध्ये तुझे तरुण मित्र फोनवर कसले कसले आलेख बघत होते. मी खिशातून खडू काढला. हसलात सगळे. मी गुडघे टेकून चारही टायरवर, एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत, आडवी रेघ ओढली आणि तुला दोन फेऱ्या मारून यायला सांगितलं. आलास तेव्हा रेघ मधोमध पुसलेली आणि दोन्ही कडांना पांढरी शाबूत. म्हणजे टायर पोट फुगवून मधल्या पट्ट्यावरच चालत होता. गेज लावला तर २८ पौंड! भरताना तू तुझ्या घरच्या मोठ्या गाडीचा आकडा मनात धरला होतास. हवा काढत काढत गरम टायरवर २०ला आणली, तेव्हा कुठे खडू सगळीकडे सारखा पुसला जाऊ लागला. तिसऱ्या खेपेला तू हेल्मेट काढून म्हणालास, ‘सर, गाडी बोलायला लागली.’ एका खडूने बोलायला लागली.

आणि मग काय केलंस? संध्याकाळी तशीच घरी नेलीस. गरम असताना काढलेली हवा थंड झाल्यावर परत भरायची असते, हे मी पिटमध्ये दोनदा सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मीच तुझ्या गॅरेजात गेज लावला: १५ पौंड. पुढे नोव्हेंबरपर्यंत हात लावला होतास का? जुलैतल्या पंचवीस अंशांचे १५ पौंड नोव्हेंबरच्या पाच अंशांना १३ उरतात. एवढ्या हवेवर टायरचा खांदा लोळतो, स्टिअरिंगचं सांगणं चाकापर्यंत उशिरा पोचतं. त्या सकाळी किती हवा होती, ते तुझ्या पत्रात नाही. दोन पानी पत्र, अकरा फोटो, आणि मोजलेला आकडा एकही नाही.

दुकानदार म्हणाला, ‘शेवटचे चार उरलेत, निम्म्या किमतीत देतो,’ आणि तू पाघळलास. शेवटचे चार का उरले, हा प्रश्न नाही पडला? फोटो मोठा करून पाहिला. बाजूवर ०८१७ आहे. २०१७ सालचा आठवडा आठवा. आठ वर्षांचं मुरलेलं लोणचं चालतं. आठ वर्षांचं मऊ रबर चालत नाही. ते पडून पडून कडक होतं. इंग्लंडातल्या मेल्कशमला एव्हनचा कारखाना होता, तिथून हलक्या गाड्यांसाठी सीआर५०० आणि पुढे झेडझेडएससारखे टायर निघायचे. २०२३अखेर तो कारखाना बंद झाला. तेव्हापासून तुम्हा हलक्या गाडीवाल्यांना निवड कमी आहे, हे मान्य. म्हणून तर तारीख आणि आकडे डोळ्यांत तेल घालून वाचायचे. नानकांगचा एनएस-२आर घे: तोच साचा, तीच नक्षी, तेच नाव, पण एकावर झिजेचा आकडा १८०, दुसऱ्यावर १२०. एक रस्त्याकडे झुकलेला, दुसरा शर्यतीकडे. नाव वाचून टायर घेणारा माणूस यात हमखास फसतो. हे आकडे प्रत्येक कंपनी आपल्यापुरते देते, म्हणून एकाच कंपनीच्या दोन टायरमध्ये ते ताडून बघायचे. दोन कंपन्यांची तुलना त्यावर करायची नाही.

आता ‘सर, मग घेऊ काय?’ असं विचारशील. हा प्रश्न तीन वर्षांपूर्वी विचारायला हवा होतास. वर्षातले दिवस मोज. ट्रॅकवर किती दिवस जातोस? चार. रस्त्यावर? साठ-सत्तर, त्यातले निम्मे पावसाचे. मग गाडीवर कायमचे टायर रस्त्याचेच हवेत: १८५ रुंदी पुष्कळ झाली, बाजू मऊ, नक्षी खोल, चारही एकाच जातीचे. जुन्या १४ इंची रिमा तू अजून गॅरेजात ठेवल्या आहेस, त्यांना १८५/६० बसतो. चार दिवसांची हौस भागवायची असेल तर ट्रॅकचा वेगळा संच घे आणि तो ट्रॅकवरच चढव. तुझ्या गाडीत एक पिशवी मावत नाही, चार चाकं कुठून न्यायची, असं म्हणशील. तर ट्रेलर भाड्याने घे किंवा मित्राच्या त्या बाराशे किलोच्या गाडीत टाक. तेवढा तरी तिचा उपयोग होऊ दे. तेही जमत नसेल तर एकाच संचावर दोन्ही कामं कर, पण तो संच रस्त्याकडे झुकलेला असू दे, आणि फेरीला दोन सेकंद जास्त लागतील ते गुमान सोस. घसरत घसरत चालवायला शिकलास तर दोन सेकंदांहून जास्त कमावशील.

ट्रॅकचा संच चढवण्याआधी बॉनेट उघडून तेलाचं बघ. पकड वाढली की लांब वळणात सम्पमधलं तेल एका बाजूला जातं, पंप हवा ओढतो आणि बेअरिंगं जातात. चिकट टायर इंजिन खाऊ शकतो, हे टायरच्या पावतीवर छापलेलं नसतं.

मला राग कशाचा आला, ते सांगून संपवतो. चूक सगळ्यांकडून होते; लेथवर मीही एकदा बोट गमावता गमावता राहिलो. पण तू दर किलोसाठी रात्री जागलास, आणि गाडी जिथे जमिनीला टेकते त्या चार पोस्टकार्डांवर कुणाचा तरी जुना पत्ता लिहून मोकळा झालास. ती चार कार्डं तुझ्याच हस्ताक्षरात हवी होती.

गृहपाठ असा. वाकलेली रिम भंगारात दे. ठोकून सरळ करायची नाही. काटे भाड्याने आण, चारही चाकांखाली ठेव, तू आत बसलेला असताना वजन घे. मग टायर घे, बाजूवरची तारीख माझ्यासाठी वहीत उतरव. हवा १८पासून सुरू कर. सकाळी थंड असताना एक आकडा, ट्रॅकवरून आल्या आल्या दुसरा, घरी निघताना तिसरा, दुसऱ्या दिवशी सकाळी चौथा. चार चाकं, सोळा आकडे, आणि प्रत्येक चाकासमोर खडूची रेघ कुठे पुसली ते. फोटो पाठवू नकोस. वहीचं पान पाठव.

खडूची पेटी तुझ्या आईकडे देऊन ठेवली आहे; पुढच्या महिन्यात ती येते आहे तिकडे. आशीर्वाद सोळा आकडे आल्यावर.

तुझा,
सर