भरपाई आणि प्रायश्चित्त

जंगल तोडल्याचे पैसे भरले की दोष फिटतो का, हा प्रश्न भारतातील वनीकरण निधीच्या मुळाशीच आहे. खाण, रस्ता किंवा धरणासाठी वनजमीन घेणाऱ्याकडून पर्यायी लागवडीचा खर्च आणि जंगलाचे ‘निव्वळ वर्तमान मूल्य’ वसूल होते. २०१६ च्या प्रतिपूरक वनीकरण निधी कायद्यानुसार त्यातली ९० टक्के रक्कम राज्यांकडे जाते, उरलेली राष्ट्रीय निधीत. ही व्यवस्था दोषाबद्दल बोलतच नाही. तिला फक्त देणे कळते.

मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात फळझाडे तोडणाऱ्याला शंभर ऋचांचा जप सांगितला आहे. शिक्षा स्वस्तच म्हणायची! तरी तिथे झाडाची किंमत ठरत नाही, तोडणाऱ्याचे पाप ठरते. तोडलेले झाड परत येत नाही, हे मात्र दोन्हीकडे सारखेच.

सह्याद्रीतील देवराईची रीत तिसरी. तिथे वाळकी फांदीही देवाची. ती हवी असेल तर अनेक गावांत आधी देवाला कौल लावतात. मालक माणूस नसल्याने विकण्याचा प्रश्नच येत नाही. १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी अशा रायांचा अभ्यास केला, तेव्हा श्रद्धेने राखलेले जंगल किती समृद्ध असते हे पुढे आले. अर्थात श्रद्धाही डळमळते: देवळाच्या जीर्णोद्धारासाठी राईच तोडल्याची उदाहरणे आहेत. अनुदानातून राईभोवती कुंपण उभे राहते; कौल मात्र गावालाच लावावा लागतो.